शेजारी बसा, पण सांगू नका

थेट १९७९ सालच्या न्यूयॉर्कला जाऊ. रेमंड लोवी यांच्या नावाजलेल्या डिझाइन कचेरीत पॅट्रिशिया मूर नावाची विशीतली डिझायनर काम करत होती. एका बैठकीत तिनं विचारलं, संधिवात झालेल्या माणसाला सहज उघडता येईल असं फ्रिजचं दार करता येईल का? उत्तर मिळालं, त्या लोकांसाठी आपण डिझाइन करत नसतो.

बाई गप्प बसल्या नाहीत. मेकअप कलाकाराच्या मदतीनं त्या ८०च्या पुढच्या आजीबाई झाल्या. धूसर काचांचा चष्मा, कानात मेण, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या. अशा अवतारात जवळजवळ तीन वर्षं अमेरिका-कॅनडातल्या १००हून अधिक शहरांत त्या फिरल्या. एकदा पोरांच्या टोळक्यानं म्हातारी समजून मारहाण करून लुटलंही.

ही गोष्ट आमच्या अ‍ॅप डिझाइनच्या क्षेत्रात सगळे सांगतात, आणि सांगून झाली की अंधांचा अनुभव कळावा म्हणून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. तिथे माझं पटत नाही. मूरबाईंनी वर्षं घातली होती. तुम्ही पाच मिनिटं पट्टी बांधून काय शिकणार? नव्यानं आंधळं झालेल्याची पहिल्या पाच मिनिटांची भीती. वर्षानुवर्षं अंध असलेला माणूस मोबाइल कसा वापरतो, ते त्यातून कळत नाही. टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला, सरावलेला माणूस इतक्या वेगानं ऐकतो की आपल्याला शब्द सुटेसुटे लागतसुद्धा नाहीत. अंधाराशी त्याचं केव्हाच जमलेलं असतं. अडतो तो तुमच्या अ‍ॅपपाशी. पडद्यावर बोट फिरवलं की नुसतं 'अनलेबल्ड, बटन... अनलेबल्ड, बटन'. म्हणजे बटणाला नावच दिलेलं नाही. यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं? हे त्याच्या शेजारी बसल्यावरच कळतं.

बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं जास्त अवघड.

एका चाचणीत एक मावशी अ‍ॅपवर नाव नोंदवत होत्या. जन्मतारखेवर बोट ठेवलं, कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्याचं. मावशींचा जन्म १९५४चा. त्या एकेक महिना मागे सरकवत बसल्या! वरच्या सालावर बोट टेकवलं की सालांची यादी उघडते, हे आम्हाला ठाऊक. त्यांना कोण सांगणार? आमचा प्रोग्रामर सांगायला पुढे वाकला, तर मी त्याचा हात दाबला. शेवटी कसंबसं ते साल सापडलं. मग ओटीपी आला. मावशी मेसेजमध्ये गेल्या, आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतले, परत येऊन बघतात तर फॉर्म कोरा.

"मलाच मेलं जमत नाही," म्हणाल्या.

आणि अ‍ॅप कसं वाटलं विचारलं, तर "छान आहे की!" चहा कसा झालाय, असं विचारल्यावर कुठला पाहुणा पाणचट झालाय म्हणतो? म्हणून मत विचारू नका. बोट कुठे थबकलं, वही कधी बाहेर आली, ते टिपून घ्या.

कंपनीत हे मांडताना मात्र दयेचा सूर लावू नका. अमेरिकन उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला, बेट्सींना, संधिवात होता. सोलाणं हातात धरवेना. त्यातून १९९० साली ऑक्सो कंपनीचं जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं बाजारात आलं. ते धडधाकट हातांच्या लोकांनीही उचललं. तसंच, दिवस, महिना, साल टाइप करायला तीन चौकटी दिल्या, तर मावशींबरोबर त्यांच्या नातवाचाही वेळ वाचतो.

दर वेळी असा दुहेरी फायदा दाखवता येत नाही. काही बदल मूठभर लोकांच्याच कामाचे असतात आणि त्यांच्या खर्चासाठी भांडावं लागतं. अशा वेळी मॅनेजरपुढे स्लाइड लावण्याऐवजी मावशींचा दोन मिनिटांचा व्हिडिओ लावा. अर्थात, मावशींना विचारून. आणि चेहरा घेऊ नका. बोटं आणि पडदा दिसला की पुरे.