पत्रपेटीवरचं नाव

(दृश्य: जर्मनीतल्या एका जुन्या चार मजली इमारतीचं दार. आत पत्रपेट्यांची रांग. एका पेटीवर चिकटपट्टीनं लावलेला कागद.)

या कागदावर बॉलपेननं एक मराठी आडनाव लिहिलंय. जर्मनीत राहायला आलेल्या माणसानं सगळ्यात आधी करायचं काम हेच. इथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव शोधतो. पेटीवर नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. आणि सरकार तुमच्याशी बोलतं ते मुख्यतः पत्रातूनच.

पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून आलेली कितीतरी मुलं पहिल्याच सरकारी पत्रापाशी अडतात. मीही अडले होते. मला रेल्वेचं तिकीट काढता येत होतं, शेजारणीशी पावसावर बोलता येत होतं, पण त्या पत्रातली एक ओळ धड लागेना. आपल्याकडे तरी 'उपरोक्त विषयान्वये सदरहू प्रकरणी' शाळेच्या कुठल्या धड्यात असतं? कचेरीची भाषा कचेरीच्या दारातच शिकावी लागते. ती वेळेत शिकवणारं कुणी भेटलं तर नव्या माणसाचे महिने वाचतात. म्हणून ही फिल्म.

(दृश्य: ट्राम. खिडकीशी मांडीवर फाईल घेऊन बसलेली मुलगी.)

पहिला शब्द आनमेल्डुंग. शब्दकोश म्हणतो, 'नोंदणी'. प्रत्यक्षात अर्थ असा: घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये जाऊन आपला पत्ता नोंदवायचा. ब्युर्गरआम्ट म्हणजे नागरिकांच्या रोजच्या कामांची कचेरी. नुसता भाडेकरार तिथं चालत नाही. घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एवढा लांब शब्द पाहून दडपून जाऊ नका, समास फोडा. वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे दाखला. घर देणाऱ्याचा दाखला. शाळेत समासाचा विग्रह करताना कंटाळलेल्या माणसाला ती सवय इथं रोज उपयोगी पडते.

पत्ता नोंदला की ११ आकडी कर-क्रमांक पोस्टानं घरी येतो. बँक, विमा, व्हिसा, सगळीकडे त्या नोंदीचा कागद मागतात. खोली दाखवताना कुणी म्हणालं, "आनमेल्डुंग मात्र जमणार नाही," तर ती खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

भाड्याचंही तसंच. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलंय, म्हणजे थंड. हे नुसत्या जागेचं भाडं. 'वार्म', म्हणजे ऊबदार, यात हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो. विजेचं बिल बहुतेकदा त्याहूनही वेगळं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून घरटी दरमहा १८.३६ युरोंचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते. एका घरात चौघं राहत असतील तर एकानंच भरायची, हे मात्र लक्षात ठेवा.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर एक पिवळा लिफाफा.)

इथं जरा थांबू या. साधं पांढरं पत्र आणि रीतसर बजावणीचा पिवळा लिफाफा यांत मोठा फरक आहे. पिवळ्या लिफाफ्यावर पोस्टमन तारीख लिहितो. तुम्ही घरी नसाल तर तो पत्रपेटीत टाकतो, आणि कायद्याच्या लेखी पत्र त्याच दिवशी तुमच्या हाती पडलं. उत्तराची मुदत तेव्हापासून मोजतात. तिला म्हणतात फ्रिस्ट. सरकारी निर्णयावर हरकत, म्हणजे विडरश्प्रुख, घ्यायला सहसा १ महिना असतो. दंडाची नोटीस असेल तर २ आठवडेच. आपल्याला पत्र काढून घेऊन लिफाफा फेकायची सवय. हा लिफाफा फेकू नका, तारखेचा पुरावा त्याच्यावरच आहे. पत्र नीट समजलं नाही तरी चालेल, आधी त्यात फ्रिस्ट शोधा आणि कॅलेंडरवर लिहा.

आता ज्या शब्दानं मी एक रात्र जागून काढली तो. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. व्हिसाची मुदत संपत आलेली, नवं कार्ड तयार नाही, आणि हातात हा कागद. यात 'फिक्त्सिओन' म्हणजे कल्पित. माझं इथलं राहणंच काल्पनिक ठरवलं की काय, असं वाटलं. अर्थ कळला तो मुंबईतल्या मावशीमुळे. तिच्या सोसायटीचं 'मानीव अभिहस्तांतरण' चाललं होतं. बिल्डरनं जमीन नावावर करून दिली नाही, तरी कायदा ती दिली असं मानून चालतो. मानीव! तोच हा शब्द. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदा मानतो. मात्र त्या कागदावर परदेशी लोकांच्या निवास-कायद्यातल्या कलम ८१चे वेगवेगळे चौकोन असतात. खूण पोटकलम ४ वर असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ वर असेल तर नुसत्या त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. दिवाळीचं विमानतिकीट काढण्याआधी खूण कुठे आहे ते बघा.

(दृश्य: ऑफिसचा लांब व्हरांडा. दुपार.)

बोलण्यातले शब्द त्या मानानं प्रेमळ. दुपारी व्हरांड्यात कुणी "माल्त्साइट!" म्हणालं तर ते जेवायचं आमंत्रण नाही, दुपारचा रामराम आहे. आपणही "माल्त्साइट" म्हणायचं. हाम्बुर्गकडे "मोइन" संध्याकाळीही चालतं. खिडकीपलीकडचा कारकून "नाखरायखेन" म्हणाला तर मन हलकं होऊ द्या. राहिलेला कागद नंतर आणून दिला तरी चालेल, असं तो सांगतोय.

माझी सगळ्यात मोठी चूक साध्या आकड्यात झाली. फोनवर टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली: "हाल्ब द्राय." हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी साडेतीनला पोचले आणि माझी वेळ तासापूर्वीच टळून गेली होती. हाल्ब द्राय म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झालेला. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय' पासून आलाय, त्याचाही अर्थ हाच. पंचवीसलाही जर्मन माणूस आधी पाच म्हणतो, मग वीस. हे कळलं त्या दिवशी ही भाषा मला पहिल्यांदा ओळखीची वाटली.

(दृश्य: पुन्हा पत्रपेट्या. जिन्यावर पावलांचा आवाज.)

दोन वाजलेत. वरच्या मजल्यावरचा नवा मुलगा खाली उतरतोय. हातात फाईल आहे, तिच्यात घर देणाऱ्याचा दाखला. त्याचा टेर्मिन हाल्ब द्रायचा. ट्रामला अजून दहा मिनिटं आहेत.