चाकं खाली आली, पण लॉक झाली का?

मंडळी, विमान पडलं म्हटलं की आपण आधी इंजिनाबद्दल विचारतो. मी उमेदीची वर्षं इंजिनांवरच काम केलं, त्यामुळे मीही तेच विचारायचो. आज मात्र मी चाकांबद्दल बोलणार आहे.

विमान आहे हॉकर सी फ्युरी. दुसरं महायुद्ध संपता संपता, फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याचा पहिला नमुना उडाला आणि १९४७ पासून ते ब्रिटिश नौदलात आलं. पंख्याच्या लढाऊ विमानांतलं हे जवळपास शेवटचं टोक. पुढे पाच पात्यांचा पंखा, त्यामागे ब्रिस्टल सेंटॉरस हे अठरा सिलिंडरांचं, सुमारे अडीच हजार अश्वशक्तीचं इंजिन. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं लढली, त्यांनाही सेंटॉरसच होतं. हे इंजिन आपल्या माणसांच्या हाताखालून गेलेलं आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

सी फ्युरी उतरवणं कठीण. नाक एवढं लांब की सरळ आलात तर धावपट्टी दिसतच नाही, म्हणून वळत वळत यायचं. उतरताना उसळी बसली आणि घाबरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, एकदम पुढे ढकललात, तर इंजिनाचा पीळ विमानालाच एका अंगावर पाडू बघतो. आणि इंजिन बंद पडलं तर? तो मोठा पंखा वाऱ्याने नुसता फिरत राहतो आणि ब्रेकसारखं काम करतो. रिकामं असतानाच चार टनांहून जड असलेलं विमान झपाट्याने खाली येतं. चाकं सोडली की हवेचा अडथळा आणखी वाढतो. लवकर सोडली तर धावपट्टीच गाठता येत नाही. उशिरा सोडली तर ती पुरती बसायला वेळ मिळत नाही, कारण त्यांना ढकलणारा हायड्रॉलिक दाब, म्हणजे तेलाचा दाब, इंजिनावर चालणाऱ्या पंपाकडून येतो आणि इंजिनाने तर दम सोडलेला असतो.

लॉक म्हणजे काय, ते सांगतो. लग्नात केटरर्स घडीची टेबलं लावतात. पाय उघडलेला असतो, लांबून टेबल व्यवस्थित उभं दिसतं, पण खालची कडी सरकवायची राहिलेली असते. वर वरणाचं पातेलं ठेवलं की पाय आत दुमडतो. सी फ्युरीचे पायही असेच आतल्या बाजूला, पंखात दुमडतात. चाक खाली दिसणं वेगळं आणि त्याची कडी बसणं वेगळं.

ब्रिटिश नौदलाने जुनी विमानं उडती ठेवण्यासाठी एक पथक सांभाळलं होतं. १९८९ मध्ये त्या पथकाच्या एका सी फ्युरीचं चाक काही केल्या लॉक होईना. विमान हवेत ठणठणीत होतं, फक्त ते जमिनीवर आणायची सोय उरली नव्हती. एक पाय घट्ट आणि एक लुळा अशा अवस्थेत टेकलात, तर विमान लुळ्या बाजूवर कोलमडतं, गरकन फिरतं, उलटूही शकतं. दोन्ही चाकं आत असलेली त्यापेक्षा परवडली. शेवटी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ वैमानिकाने पॅराशूटने उडी घेतली आणि विमान समुद्रात गेलं. काही लोक हळहळले, एवढं दुर्मीळ विमान घालवलं म्हणून. मला त्या माणसाचा निर्णय शंभर टक्के पटतो.

आता ३१ जुलै २०१४. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कल्ड्रोज या नौदल तळावर हवाई प्रात्यक्षिकांचा दिवस, खाली प्रेक्षकांची गर्दी. त्याच पथकाचं दोन आसनी सी फ्युरी, चालवत होते लेफ्टनंट कमांडर ख्रिस गॉटके. प्रात्यक्षिक चालू असतानाच इंजिनाने दगा दिला, मागे धूर निघू लागला. त्यांनी विमान सोडलं नाही, धावपट्टीकडे वळवलं. त्याची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. पंख जमिनीला समांतर आहेत, घाई कुठे दिसत नाही. विमान टेकतं, चाकं दुमडतात आणि ते पोटावर घसरत जातं. गॉटके त्यातून सुखरूप बाहेर आले. पुढे त्यांना एअर फोर्स क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

पोटावर घसरणं ऐकायला भयंकर वाटतं, पण तोवर विमान खाली पोचलेलं होतं, सरळ होतं आणि गर्दीपासून दूर होतं. त्या काही सेकंदांत या तीन गोष्टी साधणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या, विमान चालवलेल्या लोकांना मी काय सांगणार!

तेच विमान दुरुस्त होऊन २०१७ मध्ये पुन्हा उडालं. एप्रिल २०२१ मध्ये येओव्हिल्टन या नौदल तळाजवळ त्याचं इंजिन परत बंद पडलं. या वेळी धावपट्टीपर्यंत पोचता आलं नाही, ते शेतात पडलं. आतले दोघंही वाचले.

मागचे दिवे जरा मालवा. सेंटॉरसचं आतून कापलेलं चित्र आणलं आहे, चाकं ढकलणारा तो पंप नेमका कुठे बसतो ते दाखवतो.