‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज का फाटतो?

(दृश्य: काळा पडदा. एकट्या गिटारची शांत सुरावट.)

१२ सप्टेंबर २००८. हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. वाट पाहून पाच वर्षं झाली होती. खरं तर जास्तच, कारण २००३ चा ‘सेंट अँगर’ कित्येक चाहत्यांच्या गळी उतरलाच नव्हता. त्यात गिटारचा एकही सोलो नव्हता, आणि स्नेअर ड्रम रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा ठणठणायचा.

या वेळी बॉब रॉकच्या जागी रिक रुबिन निर्माता होता. रॉबर्ट ट्रुहियोचा बेस मेटॅलिकाच्या स्टुडिओ अल्बमवर पहिल्यांदाच वाजला. गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो परतले, खाली उतरवलेल्या तारा पुन्हा ताणल्या गेल्या. दहा गाणी, जवळपास ७५ मिनिटं. ज्या मेटॅलिकाची वाट पाहिली, तीच ही.

मग सीडी लावली की कान इतके लवकर का थकतात?

(दृश्य: संगणकावर गाण्याचा वेव्हफॉर्म, म्हणजे ध्वनिलाटेचं चित्र. वरून-खालून रंधा मारल्यासारखा सपाट पट्टा.)

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलाटेच्या उंचीच्या नोंदी, असतात. प्रत्येक नमुन्याचा आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यातच बसतो. त्यावर जागाच नाही. ध्वनी आणखी वर ढकलला, तर लाटेचा माथा कापला जातो आणि सलग नमुने एकाच उंचीवर अडकतात. याला क्लिपिंग म्हणतात. सपाट झालेल्या माथ्यातून मुळात नसलेले स्वर निर्माण होतात, तीच ती खरखर.

पहिला घाव बसतो ड्रमवर. मुद्दाम विकृत (डिस्टॉर्शन) केलेल्या गिटारची लाट आधीच बरीचशी सपाट असते, तिला फारसं काही होत नाही. पण लार्स उलरिकच्या किक ड्रमचा ठोका सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत उंच उसळतो, आणि नेमकी तीच उसळी छाटली जाते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ची सुरुवात शांत आहे, तिथे सगळं ठीक. बँड पूर्ण जोरात आला की ठोक्याऐवजी कडकड ऐकू येते.

आवाजाची उंच टोकं आणि सरासरी पातळी यांतलं अंतर मोजणाऱ्या डायनॅमिक रेंज मीटरवर या सीडीचा आकडा येतो फक्त ३. आकडा जितका लहान, तितका आवाज दाबलेला.

हे मास्टरिंगमध्ये, म्हणजे सीडी निघण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात झालं, असा पहिला तर्क होता. पण मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेलं ध्वनिमुद्रण) आपल्या हाती आलं तेव्हाच दाबून सपाट केलेलं होतं, असं मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांचं म्हणणं होतं. तसं असेल तर पुढे कोणताही यंत्रकुशल हात काही करू शकत नाही. आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर उलटा फिरवता येत नाही.

पुरावा सापडला एका व्हिडिओ गेममध्ये.

(दृश्य: दोन वेव्हफॉर्म, एकाखाली एक.)

‘गिटार हीरो ३’मध्ये हाच अल्बम खेळायला मिळाला. खेळणारा चुकला की फक्त त्याचीच गिटार बंद पडावी लागते, म्हणून खेळाला वाद्यांचे ट्रॅक वेगवेगळे द्यावे लागतात. शेवटचा दाब बसण्याआधीचे ते ट्रॅक होते. चाहत्यांनी खेळातला आवाज ध्वनिमुद्रित करून सीडीशी ताडून पाहिला. इथे ठोक्यांची टोकं शाबूत होती. मूळ अल्बमचं मिक्स पुन्हा करावं, या मागणीवर हजारोंनी सह्या केल्या.

तुलना करताना एक चूक हमखास होते: दोन्ही फाइली आहे त्या पातळीवर ऐकल्या जातात. मोठा आवाज कानाला नेहमीच आधी भरदार वाटतो. याच भुरळीपायी तर सीड्या वर्षानुवर्षं चढत गेल्या. म्हणून आधी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीडीची पातळी इतकी खाली आणा की दोन्हींमधलं गायन सारखंच मोठं वाटेल. मग जेम्स हेटफिल्डच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त किक ड्रम ऐका.

पातळी उतरवल्याने कापलेला माथा परत येत नाही, हेही तिथेच दिसतं: लाट बुटकी होते, सपाटी तशीच राहते. स्ट्रीमिंगवर नेमकं हेच घडतं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) या एकाच पातळीच्या आसपास आणतं, त्यामुळे सीडीवर मिळवलेला सगळा जोर तिथे आपोआप उतरवला जातो.

(दृश्य: पडद्यावर फक्त किक ड्रम. आधी सीडीतला ठोका, मग खेळातला.)