प्रोटॉन फक्त २५ पट जड धरला तर

पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या आयन आणि इलेक्ट्रॉनचा वायू, कॉम्प्युटरवर चालवून बघायचा तर सिम्युलेशनची खरी अडचण कुठे येते ते बघू. पृथ्वीचं मॅग्नेटोस्फिअर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल चालतो तो भाग, सूर्याच्या बाजूला साधारण ६०-६५ हजार किलोमीटर, मागची शेपटी तर त्याच्या कितीतरी पट लांब, आणि चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात ना, ज्याला रिकनेक्शन म्हणतात, त्यातला इलेक्ट्रॉनचा भाग घडतो जेमतेम काही किलोमीटरच्या पट्ट्यात. नासाने २०१५ मध्ये एमएमएस मोहिमेचे चार उपग्रह सोडले ते हाच पट्टा गाठायला.

स्वस्त मार्ग म्हणजे एमएचडी, मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स. प्लाझ्मा हे वीज वाहणारं प्रवाही समजायचं, जागेवर ग्रिड आखायचं आणि त्याच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, घनता, वेग, दाब, चुंबकीय क्षेत्र एवढंच ठेवायचं. अख्खं मॅग्नेटोस्फिअर यात बसतं, अमेरिकेत स्पेस वेदरच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीभोवती उठणाऱ्या वादळांच्या, अंदाजासाठी मिशिगन विद्यापीठाचं असंच मॉडेल वापरतात. पण गंमत बघा, आयडियल, म्हणजे रेझिस्टन्स शून्य धरलेल्या, एमएचडीच्या समीकरणांत रिकनेक्शन होऊच शकत नाही! तरी स्क्रीनवर होताना दिसतं, कारण ग्रिड जाडंभरडं असल्यामुळे जी गणिती गळती होते तीच रेझिस्टन्ससारखी वागते. चित्र बऱ्यापैकी बरोबर येतं, कारण मात्र भलतंच, मला तरी हे पचत नाही.

दुसरं टोक पार्टिकल-इन-सेल. यात खरेखुरे कण पळवायचे, म्हणजे एकेक सुपरपार्टिकल असंख्य कणांच्या बदल्यात. साध्या एक्सप्लिसिट कोडमध्ये सेल डिबाय लांबीच्या (एका कणाच्या विद्युतभाराचा परिणाम जेवढ्या अंतरात झाकला जातो तिच्या) आसपास ठेवावा लागतो, नाहीतर प्लाझ्मा आपोआप तापत जातो. सेलची लांबी निम्मी केली की थ्रीडीत सेल ८ पट, टाइमस्टेपही निम्मी, म्हणजे खर्च १६ पट. मग लोक काय करतात, प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो तो २५ नाहीतर १०० पट धरतात. चोरून नाही हं, पेपरात लिहिलेलं असतं. पण आयन आणि इलेक्ट्रॉनच्या स्केलमधली दरी या आकड्याच्या वर्गमुळावर ठरते, खरी ४३ पट असते ती २५ धरल्यावर ५ पटच उरते, आणि वेगवेगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात. रिकनेक्शन किती वेगाने होतं एवढंच हवं असेल तर चालून जातं, २००१ च्या जेम चॅलेंजमध्ये, म्हणजे एकच रिकनेक्शन वेगवेगळ्या कोडवर चालवून केलेल्या तुलनेत, हॉल टर्म (आयन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे हलतात ते धरणारी) असलेल्या सगळ्या कोडनी जवळपास सारखाच वेग दिला होता. इलेक्ट्रॉन किती तापले असं विचारलंत तर मात्र सांभाळून.

मधला मार्ग हायब्रिड, आयन कण आणि इलेक्ट्रॉन प्रवाही. हेलसिंकी विद्यापीठाचा व्लासिएटर हा कोड तर आयनही कण म्हणून धरत नाही, प्रत्येक सेलमध्ये वेगांचं वेगळं ग्रिड ठेवतो, नॉइज नाही पण मेमरी प्रचंड लागते.

मला सगळ्यात आवडतो तो जोडकामाचा प्रकार, बाहेर एमएचडी आणि फक्त रिकनेक्शनच्या जागी कणांचा डबा. मिशिगनवाल्यांनी तो गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर चालवून दाखवला, तिथलं मॅग्नेटोस्फिअर छोटं, त्यामुळे आयनची स्केल त्या मानाने मोठी पडते. खरी डोकेदुखी असते डब्याच्या कडेला. एमएचडी आत घनता, वेग, दाब पाठवणार, कणांना हवं असतं पूर्ण वेग-वितरण, म्हणजे कुठल्या वेगाचे किती कण, मग मॅक्सवेलियन (समतोलातल्या वायूत असतं तसं वितरण) गृहीत धरून कण भरतात आणि डबा एवढा मोठा ठेवतात की कडेला प्लाझ्मा शांत असेल.