पाण्यावरची टोपी

नमस्कार. कवीवर बोलायचं म्हणजे जन्मगाव, आईवडील, शाळा असं ओळीने सांगायचा रिवाज आहे. ते सगळं येईलच. पण मी आधी एका टोपीबद्दल बोलणार आहे.

साल १८६९. मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचं लहानसं बेट आहे, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातलं. तिथे ‘गझेल’ नावाचं जहाज नांगर टाकून उभं होतं. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदराचं, देवमाशांच्या शिकारीवर निघालेलं. बेटावरचा इंग्रज अधिकारी जहाजावर चढला आणि म्हणाला, पश्चिम ऑस्ट्रेलियातून पळालेला कैदी तुमच्याकडे आहे, तो द्या. पळालेले खरं तर दोघे होते. त्यातला बोमन नावाचा सापडला आणि त्याला उतरवून नेलं. आता हा बोमन स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याचं नाव घेणार, हे उघड होतं.

त्या रात्री जहाजावरचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, हेन्री हॅथवे याने त्या दुसऱ्याला एका फडताळात दडवलं. मग हत्यारांना धार लावायचं जड दगडी चाक आणि त्या माणसाची टोपी समुद्रात गेली. धप्प आवाज, पाठोपाठ ओरडा, होड्या सोडल्या, शोधाशोध. हाती लागली ती टोपी. सकाळी अधिकारी परत आला तेव्हा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता आणि खलाशांचे चेहरे पडलेले होते. ते नाटक करत नव्हते, त्यांना काही माहीतच नव्हतं. कप्तान गिफर्डलाही नव्हतं. बेट मागे पडल्यावर फडताळ उघडलं आणि मेलेला माणूस डेकवर चालत आला.

तो माणूस म्हणजे जॉन बॉइल ओरायली, वय पंचवीस. पुढे बॉस्टनचा नामांकित संपादक, वक्ता, आणि अमेरिकेतल्या आयरिश घराघरांत पाठ असलेला कवी.

कैद्याने वैतागून समुद्रात उडी घेतली, यावर कुणाचाही चटकन विश्वास बसला असता. पण या माणसाच्या बाबतीत त्यात एक काटा आहे. काही महिने आधी, २७ डिसेंबर १८६८ला, याच ओरायलीने ऑस्ट्रेलियाच्या जंगलात खरोखर जीव द्यायचा प्रयत्न केला होता. रक्त जाऊन बेशुद्ध पडला असताना दुसऱ्या एका कैद्याला तो योगायोगाने दिसला, म्हणून वाचला. एका अधिकाऱ्याने ही गोष्ट रोजनिशीत टिपून ठेवली. ओरायलीने स्वतः पुढे पलायनाची हकिगत लोकांना रंगवून सांगितली, पण त्या डिसेंबरबद्दल तो जाहीरपणे कधी बोलला नाही. आज मी जे बोलणार आहे ते या न बोललेल्या डिसेंबरबद्दल आहे, असं समजा.

आता जन्मगाव. आयर्लंडमध्ये ड्रॉएडाजवळ बॉइन नदीच्या काठी डाउथ नावाची जागा आहे. तिथे १८४४च्या जूनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. पुढच्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ सुरू झाला. मास्तरांचं घर तरलं, पण हा मुलगा मोठा झाला तो रिकाम्या होत जाणाऱ्या देशात. अकराव्या वर्षाच्या आसपास तो छापखान्यात उमेदवारीला लागला, मग इंग्लंडमध्ये प्रेस्टनला मावशीकडे राहून वर्तमानपत्रात काम केलं. तिथे तो सुखी होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण क्रांतिकारकाच्या चरित्रात सुखाची वर्षं कुणी मोजत नाही.

१८६३मध्ये तो परतला आणि इंग्रजांच्या दहाव्या हुसार्स या घोडदळात भरती झाला. उत्तम सैनिक होता. पण आत राहून तो फेनियन संघटनेसाठी, म्हणजे आयर्लंडच्या गुप्त क्रांतिकारी चळवळीसाठी, आपल्याच पलटणीतल्या आयरिश शिपायांना शपथ देत होता. १८६६मध्ये पकडला गेला. लष्करी न्यायालयाने ९ जुलैला फाशी सुनावली, मग ती वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आली.

मिलबँक, डार्टमूर, पोर्टलंड, एकामागून एक तुरुंग. त्या काळी इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्याला एकट्याने ठेवायची पद्धत होती. वेगळी कोठडी, बोलायला बंदी. माणूस एकटा राहिला की पश्चात्ताप करेल, असा त्यामागचा धर्मभोळा विचार. पेंटनव्हिल या तुरुंगात कैद्यांची डोकी फिरायला लागली तेव्हा या एकांताची मुदत कमी केली गेली, पद्धत मात्र राहिली. बावीस वर्षांच्या बोलघेवड्या, मित्रांत रमणाऱ्या पोराला यात टाकलं होतं. डिसेंबर १८६८ समजून घ्यायचा तर त्याची पहिली पायरी मला इथे दिसते.

ऑक्टोबर १८६७मध्ये ‘हूगुमाँ’ जहाज २८० कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघालं. त्यात ६२ फेनियन होते. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं हे शेवटचं जहाज. आपल्याकडे ज्याला काळं पाणी म्हणतात, तेच हे. आणि त्या जहाजाच्या पोटात या लोकांनी हस्तलिखित साप्ताहिक काढलं! नाव ‘द वाइल्ड गूस’, सात अंक निघाले. ओरायली त्यातला एक मुख्य लिहिणारा. माणसं काय चिवट असतात.

जानेवारी १८६८ला पश्चिम ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल बंदर. कैदी क्रमांक ९८४३. तिथून बनबरीजवळच्या जंगलात रस्ता तयार करणाऱ्या टोळीत रवानगी. त्याचा चरित्रकार जेम्स जेफ्री रोश तिथली एक गोष्ट सांगतो. आखलेल्या रस्त्याच्या मधोमध एक अवाढव्य वृक्ष होता. तो पाडायचा हुकूम होता. ओरायलीने आधी वॉर्डरला विनवलं, मग वरच्या अधिकाऱ्याकडे गेला, अखेर अधिकाऱ्याच्या बायकोने शब्द टाकला आणि रस्ता वळवला गेला. मला ही गोष्ट जरा जास्तच गोंडस वाटते. पण ओरायलीच्या ऑस्ट्रेलियावरच्या कविता वाचल्या की खोटीही वाटत नाही. रंग आहेत पण वास नाही अशी फुलं, गाणं नसलेले पक्षी, हे त्याने त्या भूमीबद्दल लिहिलंय. ते निसर्गवर्णन म्हणून शिकवतात. मला ते एका माणसाच्या मनाचं वर्णन वाटतं, ज्याला समोरचं सगळं दिसतंय आणि आत काहीच पोचत नाहीये.

त्या टोळीच्या वॉर्डरची मुलगी, जेसी वुडमन. तिच्यावर त्याचं प्रेम बसलं. कैदी आणि वॉर्डरची मुलगी, याला पुढे रस्ता नव्हता. त्यातून डिसेंबर उगवला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. माझा विषय कविता आहे, मानसोपचार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या रोगाचं नाव चिकटवायला मला आवडत नाही. पण प्रेमभंग हे कारण फार स्वस्त आहे एवढं नक्की म्हणेन. तुरुंगातला एकांत, घर समुद्रापलीकडे, पुढ्यात अठरा वर्षांची शिक्षा, आणि मग प्रेम. शेवटची काडी दिसते, खालचा भारा दिसत नाही.

दोन महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १८६९ला, तो पळाला. फादर मॅककेब नावाच्या धर्मगुरूने जुळवाजुळव केली होती आणि मग्वायर नावाचा आयरिश वसाहतवाला मदतीला होता. पहिलं जहाज त्याला न घेताच निघून गेलं. किनाऱ्यावरच्या झुडपांत दिवस काढल्यावर ‘गझेल’ मिळालं. पुढे रॉड्रिग्ज आणि टोपी. नंतर आफ्रिकेच्या टोकाजवळ गिफर्डने त्याला ‘सफायर’ या जहाजावर चढवलं. हे जहाज आपल्या मुंबईहून लिव्हरपूलला निघालेलं होतं. लिव्हरपूलहून अमेरिकेला तो ज्या जहाजाने गेला त्याचं नाव होतं ‘बॉम्बे’. याचा अर्थ काही नाही, मला गंमत वाटली म्हणून सांगितलं. २३ नोव्हेंबर १८६९ला तो फिलाडेल्फियात उतरला.

त्यानंतरची वीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती यशाची आहेत आणि यश सगळीकडे सारखंच असतं. बॉस्टनला ‘द पायलट’ या आयरिश कॅथलिक साप्ताहिकात नोकरी, मग संपादकपद, १८७६मध्ये तिथल्या आर्चबिशपच्या भागीदारीत मालकी. १८७३चा पहिला कवितासंग्रह ‘साँग्ज फ्रॉम द सदर्न सीज’ कप्तान गिफर्डला अर्पण. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी तो त्या काळातल्या बॉस्टनमध्ये स्पष्ट बोलला. स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र त्याने विरोध केला, हेही नोंदवायला हवं. ‘इन बोहेमिया’ या कवितेत दानधर्माच्या संस्थांवर त्याने एक ओळ मारली आहे: सावध, आकडेमोड्या ख्रिस्ताच्या नावाने चाललेली थिजलेली, काटकसरी दया. त्याच्या पुष्कळ कविता आज जुनाट वाटतात, पण ही ओळ अजून चावते.

एक प्रसंग मात्र घाईत टाकता येत नाही. इंग्रज सरकारने साध्या फेनियनांना माफी दिली, पण सैनिक असलेल्यांना नाही. त्याच्यासारखे फौजेतले सोबती ऑस्ट्रेलियातच सडत होते. त्यांना सोडवायची योजना न्यूयॉर्कला फेनियन नेता जॉन डेव्हॉय आखत होता. ओरायलीने सुचवलं, लढाऊ जहाज नको, देवमाशांच्या शिकारीचं जहाज न्या, त्याच्यावर कुणी संशय घेणार नाही. आणि माणसं न्यू बेडफर्डला शोधा, तिथे हॅथवे आहे. हाच तो टोपीवाला हॅथवे. एप्रिल १८७६मध्ये ‘कॅटल्पा’ जहाजाने फ्रीमँटलहून सहा कैदी पळवले. सबंध आयरिश जगात जल्लोष झाला.

आणि या माणसाला झोप येत नव्हती.

तो मुष्टियुद्ध खेळायचा, त्यावर पुस्तकही लिहिलं. तलवारबाजी करायचा, नद्यांमधून दिवसेंदिवस कनू वल्हवत जायचा. लोक म्हणत, काय उमदा पुरुष! मला त्या वल्हवण्यात अंग मोडून झोप ओढून आणणारा माणूस दिसतो. आपल्यातल्या किती जणांनी हे केलंय, हात वर करायला सांगत नाही. आयर्लंडला परत जाता येत नव्हतं, ब्रिटिश हद्दीत तो फरारीच होता. १८८५मध्ये कॅनडात व्याख्यानाला जायचं होतं, तेवढीही परवानगी मिळाली नाही. ‘स्वप्नाळूची हाक’ असं ज्याला म्हणता येईल त्या त्याच्या कवितेचा सूर असा आहे: माणसांच्या गजबजलेल्या पोळ्यांमध्ये बेत करून, राबून मी दमलोय. बांधायचं आणि मोडायचं, मोडायचं आणि पुन्हा बांधायचं, याने जीव विटलाय. मला माझी जुनी नदी हवी आहे. ही कविता लोकांना आवडली. थकलो म्हणणाऱ्या माणसाला टाळ्या मिळाल्या की तो दुसरं काय म्हणणार?

९ ऑगस्ट १८९०. बॉस्टनजवळ समुद्रकाठी हल या गावी त्याचं उन्हाळी घर. संध्याकाळी तो मेव्हण्याबरोबर लांब फिरायला गेला, दमलो तर झोप लागेल म्हणून. बायको मेरी बरेच दिवस आजारी. रात्री तिचं दुखणं वाढलं तेव्हा तिच्या औषधासाठी तो डॉक्टरकडे गेला, आणि एकदा नव्हे, दोनदा. नंतर मेरीला जाग आली तर हा खुर्चीत बसलेला. तिचं झोपेचं औषध घेतल्याचं त्याने तिला सांगितलं. पहाटे पाचच्या आत तो गेला. वय सेहेचाळीस.

औषधात क्लोरल होतं. झोपेसाठी क्लोरल वापरात आलं ते १८६९मध्ये, म्हणजे ज्या साली हा पळाला त्याच साली. पुढच्या वीस वर्षांत युरोप-अमेरिकेतले कितीतरी लिहिणारे, जागणारे लोक त्याच्या आधीन झाले. किती घेतलं की झोप आणि किती घेतलं की मृत्यू, यातलं अंतर फार कमी.

सुरुवातीला हृदय बंद पडल्याचं जाहीर झालं. अपघात, असं पुढे बहुतेकांनी मानलं, आणि माझाही कल तिकडेच आहे. झोपेला पारखा झालेला माणूस चमचे मोजत नाही. पण कॅथलिक समाजात दुसऱ्या शंकेला किती भयंकर अर्थ होता तेही ध्यानात ठेवा. आत्महत्या ठरली तर चर्चचा अंत्यविधी नाही. त्यामुळे एकट्या मेरीला जे माहीत असेल ते तिच्याजवळच राहिलं.

आता या मेरीबद्दल. चरित्रांमध्ये ती दिसते ती आजारी बायको म्हणून, चार मुलींची आई म्हणून, नाहीतर ‘जिचं औषध होतं ती’ म्हणून. पण लग्नाआधी ती मुलांच्या मासिकात एग्नेस स्मायली या नावाने लिहीत असे. नवरा गेल्यावर पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये, रोशने लिहिलेलं चरित्र आणि ओरायलीच्या समग्र कविता व भाषणं असा जाडजूड ग्रंथ निघाला. कविता आणि भाषणांचं संपादन मेरीने केलं होतं. ‘दमलोय’ म्हणणारी ती कविताही तिनेच वाचून, तपासून छापायला पाठवली असणार.