आधी भरतीला वाट द्या

मंडळी, नमस्कार.

२६ जुलै म्हटलं की आपल्याला २००५ सालची मुंबई आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. त्याच तारखेला जगभर खारफुटी संवर्धन दिन पाळतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचा उगम आहे इक्वेडोरमधल्या मुइस्ने इथे. कोळंबीच्या तलावांसाठी तिथली खारफुटी तोडली गेली होती. १९९८ च्या २६ जुलैला गावकरी आणि ग्रीनपीसचे कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी असा एक बेकायदा तलाव मोडून काढला, म्हणजे भरतीच्या पाण्याला पुन्हा आत येऊ दिलं. त्या दिवशी हेहाउ डॅनिएल नानोतो हा मायक्रोनेशियाचा कार्यकर्ता हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जाऊ लागला आणि २०१५ साली युनेस्कोने तो स्वीकारला.

मुइस्नेची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण माझं आजचं सगळं बोलणं त्या मोडलेल्या बांधाभोवतीच आहे. आपल्याकडे कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, वाचवायचं म्हटलं की पहिली मागणी रोपांची होते. अमुक हजार रोपं, फलक, फोटो. मी लागवडीची जागा पाहायला गेलो की रोपं नंतर बघतो. भरतीचं पाणी कुठून येतं आणि ओहोटीला कुठून बाहेर पडतं, हे आधी विचारतो. बहुतेक वेळा त्यातच उत्तर मिळतं.

ओहोटी लागली की एकदा तिवर या खारफुटी झाडाच्या बनात उतरून बघा. झाडाभोवतीच्या चिखलातून बोटाएवढ्या मुळ्या सरळ वर आलेल्या दिसतील, शेकड्यांनी. खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवर या मुळ्यांवरच्या बारीक छिद्रांमधून हवा घेतं. भरतीत मुळ्या बुडतात, ओहोटीत उघड्या पडतात, आणि त्या उघड्या वेळेत झाड श्वास घेतं. पान तोडून जिभेला लावा, खारट लागेल. मुळांनी अडवूनही जे मीठ आत येतं ते पानांतून बाहेर टाकलं जातं, उन्हात त्याचे कण चमकताना दिसतात. पायाशी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी बसलेले असतात. दुसऱ्या जातींचे खेकडे पडलेली पानं बिळात ओढून नेतात. पानं कुजून त्यांचं जे होतं, त्यावर कोळंबीची आणि बोयट माशांची पिल्लं पोसली जातात. आपल्या ताटात येणाऱ्या चिंबोरीची सुरुवातही इथलीच.

आता या बनाच्या तोंडाशी रस्ता आला असं समजा. रस्त्याखाली मोरी हवी म्हणून दोन ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे नळ, टाकले, तेही पातळी न बघता. भरतीचं पाणी कसंबसं आत येतं, पण ओहोटीला ते सगळं बाहेर पडत नाही. मुळ्या दिवसच्या दिवस पाण्याखाली राहतात आणि झाडं उभ्या जागी गुदमरून वाळतात. पाइप गाळाने बुजला तर याच्या उलट घडतं. पाणी येणंच थांबतं, साचलेलं उन्हात आटत जातं, मीठ वाढत जातं आणि जमीन पांढरी पडते. दोन्ही ठिकाणी कुणी कुऱ्हाड लावलेली नसते. अशा जागी वर्षानुवर्षं नवी रोपं लावली तरी ती मरणारच.

हे आपल्या देशात नीट उलगडून दाखवलं ते तमिळनाडूतल्या पिचावरममध्ये. वेल्लार आणि कोल्लिडम या नद्यांच्या मुखांमधलं हे जंगल. ब्रिटिश काळापासून तिथे पट्टे आखून एकेका पट्ट्यातली सगळी झाडं तोडली जात. तोडलेल्या पट्ट्यावर ऊन थेट पडू लागलं, चिखल सुकून खचला आणि तिथे खोलगट भाग तयार झाले. भरतीचं पाणी त्यांत अडकून आटायचं, मीठ तेवढं मागे राहायचं. बोट मात्र दाखवलं जात होतं गावकऱ्यांच्या गुरांकडे आणि लाकूडतोडीकडे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने जमिनीची पातळी आणि पाण्याचा खारेपणा तपासला, तेव्हा खरं कारण पुढे आलं. मग १९९० च्या दशकात वनखातं, गावकरी आणि प्रतिष्ठान यांनी मिळून चर खणले. मधे एक मोठा चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके येऊन मिळणारे छोटे चर, माशाच्या काट्यासारखी रचना. भरती-ओहोटीने मीठ धुऊन निघालं आणि चरांच्या कडेने लावलेली झाडं जगली. २००४ च्या त्सुनामीत या जंगलाच्या आडोशाला असलेल्या वस्त्यांचं नुकसान तुलनेने कमी झालं.

महाराष्ट्रात कायद्याची बाजू आज भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांवरचा भराव रोखला. २०१८ च्या अंतिम निकालात त्यांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित केला. २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो आहे. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही राज्याची कांदळवन प्रजाती म्हणून जाहीर झाली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचं कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होतं, ते २०२१ मध्ये ३२४ झालं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण अशा आकड्याचा एक मोह असतो. तो आणखी वाढवायचा म्हणून मोकळा चिखल दिसला की तिथे रोपं खोचली जातात.

ठाण्याच्या खाडीतला मोकळा चिखल ही पडीक जागा नाही. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चिखलावरच्या पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. तुतारी, टिलवे हे पाणपक्षी चोच खुपसून किडे शोधतात. झाडांच्या गर्दीत या पक्ष्यांना उतरताच येत नाही. २०१५ मध्ये अभयारण्य झालेल्या आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या या खाडीत गाळ साचून तिवरं आपणहून पुढे सरकत आहेत, खाडी अरुंद होते आहे. तिथे आणखी लागवड करणं म्हणजे पक्ष्यांच्या ताटावर झाड लावणं. दुसरी चूक म्हणजे एकच जात सगळीकडे लावायची. कांदळाच्या लांब शेंगा गोळा करायला सोप्या, म्हणून सरसकट कांदळ लावतात. पण त्याची जागा पाण्याच्या कडेला. वरच्या, जास्त खाऱ्या पट्ट्यात तिवर टिकतं. गोडं पाणी मिसळतं तिथे मारांडी आणि काजळा या जाती येतात. सोनेरी कोल्ह्याला लपायला घनदाट भाग लागतो आणि भरतीत न बुडणारी थोडी उंच जमीनही लागते. पाणमांजराला मासळीची खाडी हवी आणि काठावर बिळासाठी जागा. एका जातीच्या ओळी लावून यांतलं काहीच परत येत नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट, ती टाळून मला इथून जाता येणार नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, बांध फुटले, उधाणाचं पाणी भातशेतीत शिरलं आणि काही वर्षांत तिथे तिवरं माजली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पीक शून्य आणि झाडाला हात लावायची सोय नाही. हा माणूस कांदळवनाचा शत्रू नाही, त्याच्यावर अन्याय झाला आहे. मी इथेही पाण्याकडेच बघतो. जिथे बांध जुना फुटलेला आहे, भरती रोज येते आणि पूर्ण बन उभं राहिलं आहे, ते शासनाने रीतसर मोबदला देऊन वन म्हणून घ्यावं. पैसे न देता नुसती बंदी लादू नये. आणि जिथे खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, ताजी आहे किंवा उघाडीचं, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेचं, दार मोडलं आहे, तिथे दुरुस्ती पावसाळ्याआधी व्हायलाच हवी. तिवराचं बी पावसाळ्यात पिकून पडतं आणि भरतीबरोबर शेतात येतं. दुरुस्तीचा निधी दिवाळीला पोचला, तर तोवर बी रुजलेलं असतं आणि शेतकरी वनकायद्याच्या कचाट्यात सापडलेला असतो. खारबंधाऱ्यांची आणि उघाड्यांची पाहणी दरवर्षी एप्रिलमध्ये, गावकऱ्यांना आणि कांदळवन कक्षाला एकत्र घेऊन व्हावी, ही माझी मागणी आहे. त्याच फेरीत रस्त्याखालच्या मोऱ्याही बघून घ्याव्यात.