मागे कॅरव्हॅन, पुढे ट्रक

मडगावहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ बाळ्ळी मागे टाकून करमल घाटात शिरतो, तेव्हा दाट झाडीमुळे पुढचे वळण अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. या गाडीच्या मागे कॅरव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली, गाडीने ओढून न्यायची खोली, जोडलेली आहे, पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढण चढतो आहे, आणि चालक त्याला ओलांडण्याची घाई करीत नाही.

त्यामागे साधा हिशेब आहे. साडेचार मीटरची गाडी आणि सहा मीटरची कॅरव्हॅन मिळून लांबी साडेदहा मीटर होते. ट्रक दहा मीटरचा, त्याच्या मागे आणि पुढे वीस-वीस मीटर अंतर राखायचे, म्हणजे ट्रकच्या तुलनेत सुमारे साठ मीटर अधिक कापावे लागतात. ट्रक ताशी ४० किलोमीटरने आणि आपण ५५ ने जात असू, तर त्यासाठी साडेचौदा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण सुमारे २२० मीटर पुढे जातो आणि समोरून ताशी ६० ने येणारी बस २४० मीटर जवळ येते. जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसल्याखेरीज उजवीकडे निघणे योग्य नाही, आणि या घाटात तेवढा रस्ता दिसतच नाही. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर ओव्हरटेक करण्यास २०१७ च्या वाहन चालविण्याविषयीच्या नियमांनीही मनाई केली आहे.

निघण्यापूर्वीची ही तयारी पाहा. पाण्याचे कॅन आणि गॅसची टाकी चाकांच्या आसाजवळ, खाली ठेवली जाते, कारण मागच्या टोकाला वजन गेले की कॅरव्हॅन डोलू लागते. गाडीच्या आरशांवर लांब दांडीचे जादा आरसे बसवले आहेत. त्यांच्यात कॅरव्हॅनची मागची कड आणि तिच्यामागची दुचाकीही दिसली पाहिजे.

घाट उतरल्यावर २०१९ मध्ये खुला झालेला काणकोणचा बगलरस्ता लागतो. येथे समोरचा रस्ता लांबवर दिसतो, म्हणून चालक ट्रकच्या फार जवळ न जाता आधीच वेग जुळवतो, सिग्नल देतो आणि मग बाहेर येतो. ट्रकच्या बाजूची हवा कॅरव्हॅनला आत ओढते आणि त्याच्या तोंडाशी येताच बाहेर ढकलते. कॅरव्हॅन डोलू लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे. जोरात ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. उजव्या आरशात नव्हे, तर डाव्या आरशात ट्रकचा पूर्ण दर्शनी भाग दिसला, म्हणजे आत वळण्याइतके अंतर झाले.

चुकलेल्या ओव्हरटेकचा परिणाम घाटातील या वाकलेल्या कठड्यांवर दिसतो.

रुंद जागा मिळताच चालक डावीकडे थांबतो, आणि मागे खोळंबलेली कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची बस, दोन टेम्पो आणि दुचाकी एकामागून एक पुढे निघून जातात.